लोखंडाला मज्जाव असलेली वास्तू

तुकडोजी महाराजांनी १९३५ साली स्थापिलेल्या गुरुकुंज मोझरीत, जेथे सायंप्रार्थनेची वेळ कोणासाठी खोळंबत नाही, माझे बहुतेक आयुष्य गेल्यामुळे, नित्यनेम छायाचित्रात कसा उतरवावा हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. त्याचे उत्तर वऱ्हाडापासून इतक्या दूर, अलिबागेच्या समुद्रकाठी भेटेल असे मात्र वाटले नव्हते.

तेथील चुंबकीय वेधशाळा इंग्रजी अंमलातली, आणि तिचे मूळ घराणे मुंबईच्या कुलाब्याचे. कंपनी सरकारने १८२६ साली उभारलेल्या त्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजदाद सुरू झाली. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील क्षोभामुळे देशोदेशीची तारायंत्रे बिघडली, तेव्हा कुलाब्याच्या दफ्तरात, आजच्या मापाने सांगायचे तर सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदली गेली. कोण्या दक्ष निरीक्षकाने डोळ्यांनी पाहून हाताने टिपलेले ते आकडे सौर वादळांचे अभ्यासक अद्याप आदराने उघडतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांचा प्रवाह चुंबकांना भुलवील हे जाणून संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी अलिबाग निवडले. १९०४ पासून तेथे वेध सुरू झाले, आणि जुन्या मालिकेस नवी बिनचूक जुळावी म्हणून काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. भिंतींस पारखून आणलेला पोरबंदरी दगड; लोखंड वर्ज्य.

अशा वेधशाळांत अंधाऱ्या खोलीत टांगलेल्या चुंबकास चिमुकला आरसा जोडीत, दिव्याचा किरण त्यावरून परतून घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या नळकांड्यावरील प्रकाशग्राही कागदावर पडे, आणि पृथ्वीची सूक्ष्मातिसूक्ष्म चलबिचल तेथे रेषारूपाने उमटे. म्हणजे ती खोली स्वतःच एक अहोरात्र उघडा कॅमेरा होती! जुन्या वास्तूंचे छायाचित्रण म्हणजे पोपडे, गंज आणि कोळिष्टके यांचे संकलन, अशी जी समजूत रूढ आहे ती मला येथे सर्वस्वी चुकीची वाटली. राज्य बदलले, १९७१ पासून कारभार भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आला, यंत्रे नवी झाली, तरी नोंदीचा क्रम चालूच आहे. चित्रात यावयाचा तो हा क्रम.

परवाना बाहेरून चित्रे घेण्यापुरता होता. लोखंडी तिपाई मी मुद्दाम घरीच ठेवली होती, आणि पितळी खिळ्यांची एक लाकडी तिपाई अमरावतीच्या एका जुन्या छायाचित्रकाराकडून मागून नेली होती; किल्ल्या, चाकू, कमरपट्टा सारे फाटकाशी काढून ठेविले. दुपार कलली, दगडाच्या भिंतीवर नारळीच्या सावल्या लांबल्या, भिंग लावून मी सज्ज झालो, तोच वेध घेण्याची वेळ झाल्याचे कोणीसे हळूच सांगितले. तिपाई उचलून मी वीस पावले मागे सरलो, आणि ते आटोपेपर्यंत तेथेच उभा राहिलो.