इटलीतल्या टेकडीवरच्या गावात हॉटेल निवडताना : अम्मी-अब्बांना सोबत नेणाऱ्यांसाठी

गेल्या काही वर्षांत आपल्यातली बरीच कुटुंबं युरोपला जाऊ लागली आहेत. मुलगा दुबईत, दोहात नाहीतर लंडनला नोकरीला असतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत अम्मी-अब्बा, बायको-मुलं अशा सगळ्यांना इटली दाखवायचं ठरवतो. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस यादीत असतंच. मग कुणीतरी सांगतं, एक-दोन रात्री टेकडीवरच्या एखाद्या जुन्या गावात राहा. सल्ला चांगला आहे. पण या गावांत हॉटेल निवडायची रीत शहरापेक्षा वेगळी आहे. ती माहीत नसली तर गुडघे दुखणाऱ्या दादींना सामानासकट दगडी चढ चढायची वेळ येते आणि दोन दिवस त्या खोलीबाहेर पडत नाहीत. शाळेतले पालक आणि नातेवाईक आम्हाला याबद्दल वारंवार विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

उदाहरणासाठी ओर्व्हिएतो हे एकच गाव घेऊ. इटलीच्या मधोमध उंब्रिया नावाचा प्रांत आहे, तिथलं हे गाव. रोम-फ्लॉरेन्स रेल्वेमार्गावर असल्यामुळे रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून साध्या गाडीने सव्वा ते दीड तासात पोहोचता येतं. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ खडकाचा एक प्रचंड चौथरा, चारही बाजूंनी तुटलेले कडे आणि वर सपाटीवर पूर्ण गाव, अशी त्याची रचना. खडकाच्या पोटात प्राचीन काळापासून खोदलेल्या हजाराहून अधिक गुहा, विहिरी आणि तळघरं आहेत. स्टेशन मात्र खाली, ओर्व्हिएतो स्कालो नावाच्या वस्तीत. हॉटेलचा सगळा प्रश्न इथून सुरू होतो.

आपण हॉटेल शोधतो ते मोबाईलवर. फोटो बघतो, किती तारे आहेत ते बघतो आणि नकाशावर स्टेशनपासूनचं अंतर बघतो. नकाशा सपाट असतो, त्यात उंची दिसत नाही. स्टेशन आणि एखादं हॉटेल नकाशावर अगदी शेजारी दिसतील, पण एक तळाशी आणि दुसरं दीडशे मीटर वर असेल. म्हणून टेकडीवरच्या गावात पहिला प्रश्न किती तारे हा नसतो. हॉटेलचं दार खडकावर नेमकं कुठे आहे आणि सामान घेऊन तिथपर्यंत कसं जायचं, हा असतो.

ओर्व्हिएतोची सोय अशी की स्टेशनच्या समोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोरखंडाने ओढली जाणारी तिरकी रेल्वे, वर जाते. 1888 मध्ये ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची. मध्ये बरीच वर्षं बंद होती, 1990 पासून विजेवर चालते. काही मिनिटांत ती तुम्हाला पियात्सा काहेन या चौकात सोडते. तिथून छोटी बस ड्युओमोपर्यंत, म्हणजे 1290 साली बांधायला घेतलेल्या मोठ्या चर्चच्या चौकापर्यंत नेते. फ्युनिक्युलर रात्रभर चालत नाही. रोमहून संध्याकाळची गाडी पकडणार असाल तर वर जायची शेवटची फेरी कधी, हे आधी पाहून ठेवा. नंतर बस किंवा टॅक्सीवर अवलंबून राहावं लागतं, आणि छोट्या गावात रात्री टॅक्सी फोन करून बोलवावी लागते.

आता राहायचं कुठे? वडीलधारी माणसं सोबत असतील तर आमचं स्पष्ट मत : पियात्सा काहेन ते ड्युओमो या पट्ट्यात. चौकातून कोर्सो काव्हूर हा मुख्य रस्ता गावात जातो. त्याचा चढ सौम्य आहे, दुकानं आहेत, टेकायला बाकडी मिळतात. गावाच्या पश्चिमेकडची जुनी वस्ती फोटोत फार देखणी दिसते. अरुंद गल्ल्या, खिडक्यांत फुलझाडं, शांतता. तरुण जोडप्याने तिथे जरूर राहावं. पण तिथल्या गल्ल्या चढउताराच्या आहेत, आणि दगडी फरशीवर चाकांची बॅग ओढणं म्हणजे काय ते दहा पावलांत कळतं.

खाली स्कालोमध्येही हॉटेलं आहेत, आणि गाडीने येणाऱ्यांना ती सोपी पडतात. तरी आम्ही वरच राहायला सांगू. दिवसभर वर पर्यटकांची गर्दी असते, संध्याकाळी ती परतते आणि मग गाव गावासारखं होतं. मुलं चौकात खेळतात, म्हातारी माणसं गप्पा मारत बसतात. खाली राहिलात तर नेमकं हेच हुकतं.

भाड्याची गाडी घेणार असाल तर एक गोष्ट पक्की समजून घ्या. इटलीतल्या जुन्या गावांच्या मध्यभागी बाहेरच्या गाड्यांना ठरावीक वेळी किंवा पूर्ण वेळ मनाई असते. त्या भागाला ‘झोना अ त्राफिको लिमितातो’ म्हणतात आणि पाटीवर त्याची तीन आद्याक्षरं असतात. आपल्या माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, तिथे निदान कुणीतरी अडवतं. इटलीत कुणी अडवत नाही. कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतो, आणि काही महिन्यांनी दंड भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत तुमच्यापर्यंत येतो, वर कंपनीचं वेगळं शुल्क. हॉटेल आत असेल तर आधी मेल करून विचारा : सामान उतरवण्यापुरती गाडी आणता येईल का, आणि आमचा गाडी नंबर तुम्ही नोंदवाल का? बहुतेक हॉटेलवाले ही मदत करतात, पण सांगितल्याशिवाय नाही. ओर्व्हिएतोत कांपो देल्ला फिएरा या वाहनतळावर गाडी लावून लिफ्ट आणि सरकत्या जिन्यांनी वर जाता येतं, हा आणखी सरळ मार्ग.

लिफ्टवरून आठवलं. बुकिंगच्या पानावर ‘लिफ्ट आहे’ एवढं वाचून समाधान मानू नका. इमारती शेकडो वर्षं जुन्या, त्यात मनासारखे बदल करायला परवानगी मिळत नाही. त्यामुळे लिफ्ट असते, पण ती आठ पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होते, किंवा दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते. प्रश्न असा विचारा : रस्त्यापासून आमच्या पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती? उत्तर आकड्यात मागा. लिफ्टला ‘अशेन्सोरे’ म्हणतात, तळमजल्याला ‘पियानो तेर्रा’. आणि अब्बांना दोन स्वतंत्र पलंग हवे असतील तर ‘मात्रिमोनियाले’ घेऊ नका, तो एकच मोठा पलंग असतो.

बाथरूमच्या बाबतीत मात्र इटली आपल्याला जवळची वाटेल. युरोपात इतरत्र कागदावर भागवावं लागतं, इथे बिडे असतो. 1975 च्या सरकारी नियमाने घराच्या निदान एका बाथरूममध्ये तो सक्तीचा केला, आणि हॉटेलांतही तो सहसा दिसतो. अगदी छोट्या खोल्यांत जागेअभावी नसतो, म्हणून फोटोत बघून घ्या. त्याला आपल्यासारखा जेट नसतो, नळ असलेलं बसकं भांडं असतं, तेव्हा प्लास्टिकचा लोटा सोबत ठेवलेला बरा. आणखी एक : शॉवरचा भाग सोडला तर बाथरूमच्या फरशीला सहसा उतार आणि जाळी नसते. वुजू करताना पाणी बाहेर सांडलं तर ते खोलीत येतं. अम्मींना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

नमाजासाठी खोलीत दोन मुसल्ले अंथरण्याएवढी मोकळी जागा आहे का, हे तीन पलंगांच्या खोलीत विशेष बघावं लागतं. खोली किती चौरस मीटरची ते पानावर लिहिलेलं असतं. किब्ला तिथून आग्नेयेकडे आहे. आपल्याला जन्मभर पश्चिमेकडे तोंड करायची सवय, त्यामुळे मोबाईलवर होकायंत्र उघडून पहिल्याच नमाजाला दिशा ठरवून घ्यावी. जूनमध्ये सूर्य रात्री पावणेनऊनंतर मावळतो आणि इशा साडेदहाच्या पुढे जाते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं एकाच खोलीत असतील तर कुणाची ना कुणाची झोप मोडणारच. आत दार असलेल्या जोडखोल्या मिळाल्या तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

आता जेवण. उंब्रिया हा इटलीत डुकराच्या मांसासाठी नावाजलेला भाग आहे. इतका, की इथल्या नोर्चा गावाच्या नावावरून असं मांस विकणाऱ्या दुकानाला देशभर ‘नोर्चिनेरिया’ म्हणतात. ओर्व्हिएतोची दुसरी ओळख पांढरी वाईन. तेव्हा हॉटेलचं ‘मेद्झा पेन्सिओने’, म्हणजे रात्रीच्या जेवणासकट पॅकेज घेऊ नका. वाईन चाखण्याचा कार्यक्रम ‘मोफत’ जोडलेला असेल तर तोही नको, त्याचे पैसे दरात धरलेले असतात. नुसती न्याहारी घ्या. अंडी, फळं, दही, चीज, पाव मिळतो. पावात किंवा बेकरीच्या वस्तूंत कधी डुकराची चरबी असते, तिला ‘स्त्रुत्तो’ म्हणतात, मांसाला ‘मायाले’. हे दोन शब्द कागदावर लिहून वेटरला दाखवले की काम होतं. बाहेर मासे, भाज्यांचा पास्ता, मसुराचं सूप हे पर्याय असतात. उंब्रियाची मसूर खरोखर चांगली लागते.

छोट्या गावात हलाल मटणाचं दुकान मिळेल असं धरून चालू नका. रोममध्ये मात्र तेर्मिनी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पियात्सा व्हित्तोरिओच्या आसपास बांगलादेशी दुकानं आहेत आणि तिथल्या एस्क्विलिनो बाजारात हलाल मटण मिळतं. ओर्व्हिएतोची गाडी तेर्मिनीहूनच सुटते. सकाळी मटण घ्या, दुपारपर्यंत वर पोहोचून फ्रीजमध्ये ठेवा. अर्थात त्यासाठी खोलीत स्वयंपाकाची सोय हवी. कुटुंब चार-पाच जणांचं असेल आणि दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं असेल तर आम्ही हॉटेलऐवजी ‘आपार्तामेंतो’ घ्यायला सांगू. ‘आंगोलो कोत्तुरा’ लिहिलं असेल तर स्वयंपाकाचा छोटा कोपरा आहे असं समजा. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, स्टीलचा न्या. आणि इटलीतल्या घरांना सहसा 3 किलोवॅटचीच जोडणी असते. ओव्हन, इस्त्री आणि एसी एकदम लावलात की घर अंधारात. अपार्टमेंट घेताना पायऱ्यांचा प्रश्न दुप्पट नेटाने विचारा, कारण तिथे बॅगा उचलायला कुणी नसतं.

या भागात आणखी दोन प्रकार दिसतील. एक ‘आग्रितुरिस्मो’, म्हणजे चालू शेतीवरचं घर. मुलांना मोकळं आवार मिळतं, पण गाडीशिवाय अडकून पडाल आणि रात्रीचं जेवण ते वाढतील तेच. दुसरं म्हणजे नन्सच्या मठातल्या पाहुण्यांच्या खोल्या. स्वच्छ, शांत आणि साधारण स्वस्त, कुणाचाही धर्म विचारत नाहीत. मात्र रात्री दार ठरावीक वेळेला बंद होतं आणि भिंतीवर क्रूस असतो. घरातल्या मोठ्यांना आधी विचारा, तिथे गेल्यावर कुजबुज नको.

ओर्व्हिएतोजवळच चिव्हिता दी बान्योरेज्यो नावाचं कड्यावरचं गाव आहे. फोटो बघून मुलं तिथेच राहायचा हट्ट धरतील. तिथे जायला फक्त लांब पादचारी पूल आहे आणि त्याचा शेवट चांगलाच चढाचा आहे. दिवसा बघून या, सामान घेऊन राहायला जाऊ नका. सान जिमिन्यानोला रेल्वेच नाही, पोज्जिबोन्सीहून बस पकडावी लागते. त्याच बाजूला कोल्ले दी व्हाल देल्सा इथे मात्र 2013 मध्ये मशीद उघडली आहे. जुम्याचा दिवस तस्कनीत येत असेल तर मुक्काम तिकडे ठेवण्याचा विचार करायला हरकत नाही. पेरुज्या मोठं गाव, पण जुन्या किल्ल्याच्या पोटातून सरकते जिने वर जातात, त्यामुळे वयस्करांना झेपतं.

ओर्व्हिएतोत कॉर्पुस दोमिनीच्या सणाला (मेअखेर ते जून, तारीख बदलते) आणि वर्षअखेरीच्या जॅझ महोत्सवात खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर महाग. ऑगस्टच्या मध्याला सगळी इटली सुट्टीवर असते. मे चांगला, पण बुकिंग व्हिसाच्या आधी करावं लागतं, कारण शेंगेन अर्जासोबत प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवायचा असतो. म्हणून फुकटात रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या, आणि शेवटची तारीख व्हिसा हातात येण्याच्या अंदाजानंतरची असू द्या. फसवणूक टाळायची असेल तर जाहिरातीत आयटी या अक्षरांनी सुरू होणारा सरकारी ओळख क्रमांक शोधा. 2025 पासून भाड्याच्या प्रत्येक घराला आणि हॉटेलला तो दाखवावा लागतो.

पोहोचल्यावर सगळ्यांचे पासपोर्ट मागतात. घाबरू नका, प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे पाठवणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे, गोऱ्यांनाही. निघताना माणशी प्रत्येक रात्रीमागे मुक्काम-कर घेतात. तो ऑनलाइन भरलेल्या रकमेत सहसा धरलेला नसतो आणि पुष्कळदा रोख मागतात. लहान मुलांना बहुधा सूट असते, वयाची अट गावागणिक वेगळी. त्यामुळे मुलांचे पासपोर्ट बॅगेच्या तळाशी न टाकता वरच ठेवा.