मतलई वारा आणि राजधानीचा भोंगा

तारापुरात रेल्वे नाही. रूळ पूर्वेला, आठ-दहा किलोमीटरवरून, बोईसर-वाणगावच्या अंगाने जातात. तरी थंडीच्या दिवसांत पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या गाडीचा भोंगा असा ऐकू येतो, की वाटावे गाडी मागच्या वाडीतूनच चालली आहे. आमची आजी त्यावर उठायची. दुपारी मात्र त्याच रुळांवरून गाड्यांमागून गाड्या जात असल्या तरी गावात चकार शब्द पोचत नाही. दिवसा गोंगाट असतो म्हणून, असे उत्तर मी लहानपणी स्वतःलाच देऊन टाकले होते. ते अर्धे बरोबर निघाले. उरलेले अर्धे हवेत होते.

आधी कोरडा हिशेब करू. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे इंजिनाचा भोंगा शंभर फुटांवर ९६ ते ११० डेसिबल वाजला पाहिजे. आपला भोंगाही त्याच घराण्यातला, म्हणून मधला १०५ हा आकडा धरू. अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. शंभर फुटांपासून आठ किलोमीटरपर्यंत जाताना असे ४८ डेसिबल गेले. हवा स्वतः थोडा आवाज गिळते, पण बारीक सुरांना जास्त आणि जाड सुरांना कमी. ४००० हर्ट्झचा सूर किलोमीटरमागे वीस डेसिबलहून अधिक गमावतो, तर तीनशे हर्ट्झच्या आसपासचा जेमतेम एक-दीड. भोंग्याची मुख्य ताकद याच खालच्या पट्टीत असते. म्हणूनच जवळून कर्कश, किनरा वाटणारा भोंगा लांबून गोल, गंभीर, काहीसा उदास वाटतो. वरचे सूर वाटेतच गळून गेलेले असतात. सगळे वजा करून तारापुरात चाळीस-पंचेचाळीस डेसिबल उरायला हवेत. निजलेल्या गावात एवढे पुष्कळ झाले. म्हणजे हिशेबाने भोंगा रात्री रोज, आणि दिवसाही निवांत क्षणी, कानावर पडायला हवा. तसे होत नाही, कारण या हिशेबात आवाज सरळ रेषेत चालतो असे धरले आहे आणि आवाज तसा चालत नाही.

बैलजोडीतला एक बैल जोरात आणि दुसरा रेंगाळत चालला, तर गाडी रेंगाळणाऱ्याच्या बाजूला वळते. आवाजाचेही तसेच. गरम हवेत तो जरा वेगाने पळतो. दर अंशामागे सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने. दिवसा तापलेल्या जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड, म्हणजे रेंगाळणारा बैल वर. आवाज वर वळतो आणि आपल्या डोक्यावरून आकाशात निघून जातो. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि उबदार थर वर राहतो. आता रेंगाळणारा बैल खाली. वर निघालेला आवाज वळून पुन्हा जमिनीकडे येतो.

आमच्या किनाऱ्यावर या खेळात वाराही उतरतो. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे आपण पाठ केलेले असतात. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई. जमिनीलगत झाडे, घरे, बांध यांच्या आडकाठीमुळे वारा मंद असतो आणि वर मोकळा. दुपारी बोईसरहून पश्चिमेला निघालेल्या भोंग्याला खारा वारा समोरून येतो. आवाजाची वरची बाजू जास्त अडते आणि तो वर वळतो. पहाटे मतलई वारा पाठीमागून असतो. वरची बाजू पुढे पळते आणि आवाज खाली वाकतो. वाऱ्याने आवाज ‘वाहून नेला’ असे आपण म्हणतो, पण सेकंदाला दोन-चार मीटरचा वारा सेकंदाला ३४६ मीटरने धावणाऱ्या आवाजाला काय वाहून नेणार? तो फक्त वाकवतो. हे पहिल्यांदा नीट सांगितले जॉर्ज स्टोक्स यांनी, १८५७ मध्ये. तापमानाची बाजू ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८७०च्या दशकात मांडली.

तेव्हा दुपारी तारापूर आवाजाच्या सावलीत असते. ऊन आणि वारा दोघेही भोंग्याच्या विरोधात. पहाटे दोघेही बाजूने. सावलीत वीसेक डेसिबल सहज जातात आणि उरलेल्यावर दिवसाचा गलका बसतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा रात्रंदिवस समुद्राकडून येतो, तेव्हा चार महिने गावाला रेल्वेचा जणू विसर पडतो. आजीच्या घड्याळाला ऋतू होता.

आणखी एक गंमत. आठ किलोमीटर यायला आवाजाला २३ सेकंद लागतात. ताशी १३० किलोमीटरची गाडी तेवढ्यात ८०० मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. अंथरुणात ऐकू येणारी गाडी त्या जागी नसतेच.

हे सगळे मला भाच्यामुळे सुचले. तो बोईसरला राहतो आणि रेल्वेवेडा आहे. हे वेड असलेली मुले फलाटाच्या टोकाला वही किंवा मोबाईल घेऊन उभी असतात. इंजिनाचा क्रमांक, त्यावर लिहिलेले शेडचे नाव, आज जोडीला कोणते इंजिन आले, किती मिनिटे उशीर. वलसाड, वडोदरा, गाझियाबाद ही त्यांच्या लेखी शहरे नसून शेड आहेत. मुंबई-दिल्लीच्या या मुख्य मार्गावर त्यांना टिपायला काही कमी नाही. १७ मे १९७२ला सुरू झालेली मुंबई राजधानी, १९२८ची फ्रंटियर मेल म्हणजे आताची गोल्डन टेंपल मेल, सकाळची वंदे भारत, २०१३पासून डहाणूपर्यंत येणारी लोकल, आणि लांबलचक मालगाड्या. जुन्या मंडळींचा जीव मात्र ‘डब्ल्यूकॅम’ इंजिनांत अडकलेला. चर्चगेट ते विरार १५०० व्होल्ट डीसी आणि विरारच्या पुढे २५,००० व्होल्ट एसी, अशा दोन्ही विजांवर चालणारी ही इंजिने २०१२ मध्ये मुंबईकडचा डीसी प्रवाह गेला तशी या मार्गावर निरुपयोगी ठरली. त्यांच्याबद्दल ही माणसे दिवंगत नातेवाइकासारखी बोलतात.

ब्रिटनमध्ये या छंदाला रीतसर ग्रंथच लाभला. १९४२ मध्ये सदर्न रेल्वेच्या कचेरीत काम करणाऱ्या इयन ॲलन नावाच्या तरुणाने, लोकांच्या इंजिनांविषयीच्या चौकशांना उत्तरे देऊन कंटाळून, सगळ्या इंजिनांच्या क्रमांकांची एक छोटी पुस्तिका काढली. पोरांनी ती खिशात घातली आणि दिसेल त्या क्रमांकाखाली रेघ मारायला सुरुवात केली. सगळ्या क्रमांकांखाली रेघ पडणे हा त्यांचा मोक्ष. तिथला भोंगा दोन सुरांचा, एक उंच आणि एक खालचा, लागोपाठ वाजणारा. तो ऐकायला लोक रुळांच्या कडेला थांबतात आणि त्याच आवाजाने झोपमोड होते म्हणून रुळांच्या कडेला राहणारे तक्रारीही करतात. २००७ मध्ये तिथे नियम बदलले: भोंग्याच्या फलकापाशी फक्त खालचा सूर, आणि रात्रीच्या ठरावीक तासांत तोही नाही. छंदिष्ट हळहळले. माझी सहानुभूती झोपणाऱ्यांकडे आहे, पण दोन सुरांचा एक झाला याचे मलाही वाईट वाटते.

आपल्याकडे ‘शिट्टी’ हा शब्द वाफेच्या इंजिनाबरोबर जायला हवा होता. तो राहिला. फाटकाच्या अलीकडे सुमारे ६०० मीटरवर जो पिवळा फलक असतो, त्यावरही ‘सी/फा’ म्हणजे सीटी-फाटक असेच लिहिलेले असते. खरे तर आता वाजते ती तुतारी. इंजिनाच्या मुख्य टाकीत दर चौरस सेंटीमीटरला आठ ते दहा किलो दाबाची हवा असते, त्यातली थोडी लोको पायलट भोंग्यात सोडतो. आत एक पातळ धातूचा पडदा. हवेच्या दाबाने तो उचलला जातो, हवा निसटते, दाब पडतो, पडदा परत बसतो, आणि हे सेकंदाला काही शे वेळा. तुतारीवाल्याच्या ओठांचे काम हा पडदा करतो. पुढचा कर्णा जितका लांब, तितका सूर खाली. एका टोकाला बंद नळीच्या साध्या गणिताने ४०० हर्ट्झला सुमारे २२ सेंटीमीटर, ३०० हर्ट्झला २९. इंजिनावर असे दोन कर्णे असतात, एक बारीक आणि एक जाड. उत्तर अमेरिकेत तीन किंवा पाच कर्ण्यांचा सुरेल मेळ वाजतो. वाफेच्या शिट्टीची सवय झालेल्या कानांसाठी रॉबर्ट स्वॉन्सन या कॅनेडियन अभियंत्याने तो बसवला.

भाच्याबरोबर एका संध्याकाळी फलाटावर उभा होतो. मुंबईकडून सलग लांब भोंगा आला, म्हणजे न थांबता जाणारी गाडी. ती धडधडत गेली आणि भोंगा आपल्यापाशी येताच घसरला.

“मामा, ही एकशेतीसने नव्हती,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“कोमल गंधारापर्यंतच होती.”

पोरगा हार्मोनियम शिकतो, हे मी विसरलो होतो.

त्याचे म्हणणे तपासून पाहिले. येणारी गाडी आपल्याच आवाजाच्या लाटांचा पाठलाग करते, त्या दाटतात आणि सूर चढतो. जाणारी गाडी लाटा ताणत जाते आणि सूर उतरतो. हा डॉपलर परिणाम, ख्रिस्तियान डॉपलर यांनी १८४२ मध्ये मांडलेला. यात एक सोय आहे. भोंग्याचा मूळ सूर कोणता, हे ठाऊक असण्याची गरजच नाही. येतानाचा आणि जातानाचा सूर यांचे गुणोत्तर फक्त गाडीच्या वेगावर ठरते. शंभरच्या वेगाला ते १.१७ येते. जातानाचा सूर षड्ज धरला, तर येतानाचा जवळजवळ कोमल गंधार. १३०ला १.२३, म्हणजे कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये. १६०ला १.२९, शुद्ध गंधार आणि मध्यमाच्या मध्ये. गाडी कुठलीही असो, इंजिन कुठलेही असो, गंधारावरून षड्जावर उतरणारी ती मींड म्हणजे वेगाचा काटाच. अट एवढीच, की आपण रुळांजवळ असावे. लांबून ऐकले तर सूर सावकाश घसरतो आणि टोके पकडता येत नाहीत.

हा प्रयोग कानांनीच पहिल्यांदा झाला होता, आणि तोही रेल्वेवर. १८४५ मध्ये हॉलंडमध्ये उत्रेख्त ते मार्सन या नव्या लोहमार्गावर बाउस बॅलट या तरुण संशोधकाने गाडीवर तुतारीवाले बसवले आणि रुळांच्या कडेला स्वर ओळखणारे वादक उभे केले. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न हिमवर्षावाने उधळला. जूनमध्ये जमले. गाडी येताना तुतारीचा सूर चढलेला आणि जाताना उतरलेला, असे वादकांनी नोंदवले. बाउस बॅलट यांना डॉपलरच्या मांडणीबद्दल शंका होत्या. आवाजापुरत्या त्या तुतारीवाल्यांनी फेडल्या. पुढे हाच माणूस वाऱ्यांकडे वळला. १८५४ मध्ये त्याच्या पुढाकाराने नेदरलँड्सची हवामान संस्था उभी राहिली आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले तर उत्तर गोलार्धात कमी दाब डाव्या हाताला असतो, हा नियम त्याच्याच नावाने शिकवला जातो. फलाटावरचा भाचा आणि पहाटेची आजी या दोघांचेही कोडे एकाच माणसाच्या टेबलावर पडलेले असावे, याचे मला अजून नवल वाटते.

या आवाजाचे दिवस आता थोडे कमी होणार आहेत. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी २०१९पर्यंत संपली. पहाऱ्याच्या फाटकांवर पूल येत आहेत, मुंबई-अहमदाबाद मार्गालगत कुंपण उभे राहिले आहे. फाटक गेले की सी/फाचा फलक गेला आणि त्याच्यासाठीचा भोंगाही गेला. अपघात टळतात, तेव्हा याला वाईट म्हणायची सोय नाही. ५०८ किलोमीटरच्या बुलेट ट्रेन मार्गावरच्या १२ स्थानकांत बोईसर आहे. ती गाडी ताशी ३२० किलोमीटरने, बहुतेक उंच पुलावरून जाईल आणि तिला फाटकच नसेल. तिने भोंगा वाजवलाच, तर गणिताप्रमाणे सूर शुद्ध धैवतावरून षड्जावर येईल. भाचा त्याची वाट पाहतो आहे.

तोवर आहे तो भोंगा ऐकून घ्यावा. फलाट तिकीट १० रुपयांना मिळते आणि दोन तास चालते. हार्मोनियम घरीच राहू द्या, मोबाईलवर पेटीचे ॲप पुरते. पिवळ्या रेषेच्या आत उभे राहा, मोबाईल बाहेर काढून धरू नका, आणि गाडी भोंगा वाजवतच समोरून गेली पाहिजे. आधीच थांबला तर दुसऱ्या गाडीची वाट पाहा.