संगणकावर जमिनीची वाटणी कशी होते? औशातल्या दोन एकरांवरून समजून घ्या

औसा : समजा, औसा-तुळजापूर रस्त्याला लागून दोन एकर जिरायत रान आहे आणि वाटेकरी दोघे भाऊ. पूर्वी साखळी, टेप आणि बांधावरचा वाद असायचा. आता रोव्हरने कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घेऊन ते 'सिव्हिल थ्रीडी'सारख्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवतात.

तिथे 'पार्सल' म्हणजे रेषांनी पूर्ण बंद झालेली आकृती. एका कोपऱ्यात बारीकशी फट राहिली तरी पार्सल तयार होत नाही. (कॉलेजात अशी फट शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली होती.) आकृती बंद झाली की क्षेत्र आपोआप दिसतं. दोन एकर म्हणजे 80 गुंठे, साधारण 8,094 चौरस मीटर. हा आकडा आधी सातबाऱ्याशी ताडून पाहा.

आता खरा पेच. रेषा रस्त्याला समांतर मारली तर दोघांना 40-40 गुंठे मिळतात, पण मागच्याला बैलगाडी न्यायलाही वाट उरत नाही. म्हणून 'स्लाइड लाइन' वापरताना किमान क्षेत्राबरोबर रस्त्याकडची किमान रुंदीही भरतात. मग रेषा सरकत जाऊन दोन्ही हिस्से रस्त्याला भिडतात.

भाऊ पाच असते तर? प्रत्येकी 16 गुंठे. सॉफ्टवेअर तेही पाडून देतं. पण 2023च्या अधिसूचनेनुसार जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे आहे. शिवाय या नकाशाने सातबारा फुटत नाही. त्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज आणि भूमी अभिलेखची मोजणी लागतेच.