निकाल श्रोत्यांचा

ॲरिस्टॉटलने भाषणांचे प्रकार पाडले ते श्रोत्यांवरून. घडून गेलेल्याचा न्याय करणारे कोर्टातले, पुढचे ठरवणारे सभेतले आणि नुसते ऐकायला आलेले समारंभातले. मराठी वक्तृत्वाची गेली दीडशे वर्षे या चौकटीत ठेवून पाहिली, तर नाव वक्त्यांचे झाले, निकाल मात्र श्रोत्यांनीच दिला असे दिसते.

1875 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिचा श्रोता शिकलेला, सवडीने आलेला. 1908 मध्ये मुंबई हायकोर्टात राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला, सुमारे 21 तास. ज्युरीतले सात युरोपियन म्हणाले दोषी, दोन पारशी म्हणाले निर्दोष. भाषण सर्वांनी एकच ऐकले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्रे, डांगे, एसेम जोशी यांनी मैदाने गाजवली, अमर शेख आणि अण्णाभाऊंच्या शाहिरीने ती तापवली. 1957 च्या निवडणुकीत मतपेटीनेही कौल दिला.

तिकडे अमेरिकेत क्लॉड शॅननने 1948 मध्ये टेलिफोनच्या तारेचा विचार करून संवादाचे प्रारूप मांडले. संदेश पाठवणारा, तो नेणारा मार्ग, वाटेतला व्यत्यय आणि शेवटी तो घेणारा. यात श्रोत्याला परत बोलायला जागाच नाही; प्रत्यक्षात मात्र श्रोता गप्प बसत नाही.

ठाण्यातल्या आमच्या कोलशेतला सँडोझ, बायरसारख्या कारखान्यांचा शेजार होता. अशा औद्योगिक पट्ट्यात खरे व्यासपीठ गेटसभेचे. पाळी सुटताना कामगार थांबतील तेवढाच वेळ वक्त्याचा. पुढे 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केले. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर याच प्रश्नावर हायकोर्टात गेले आणि 2016 मध्ये नियम काटेकोर पाळण्याचे आदेश मिळाले. कर्णा लावणाऱ्यासमोर कान असलेला माणूस उभा राहिला.

आता कारखान्यांच्या जागी टॉवर आहेत. गेटवरच्या जमावाची मागणी एक असायची. सोसायटीच्या वार्षिक सभेत तोच माणूस गेल्या वर्षीच्या टँकरचा हिशेब मागतो आणि पुढच्या मेंटेनन्सवर मतही देतो. ॲरिस्टॉटलचे पहिले दोन श्रोते एकाच खुर्चीत बसतात, म्हणून सेक्रेटरीचे काम टिळकांच्या वकिलीइतके अवघड नसले तरी सोपेही नाही. तिसरा, नुसते ऐकायला येणारा श्रोता जानेवारीत ठाण्याच्याच नौपाड्यात, रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमालेला भेटतो.