हृदयाची झडप आणि शस्त्रवैद्याचा हात

कोलशेतच्या खाडीकाठी वाढलेल्या मंडळीस उघाडी म्हणजे काय हे सांगावयास नको. खारजमिनीच्या बांधातील ही दारे ओहोटीस उघडून आतले पाणी बाहेर सोडतात व भरती येताच तिच्याच दाबाने मिटतात. मनुष्याच्या हृदयात रक्तासाठी अशाच चार उघाड्या आहेत; त्यांस झडपा म्हणतात. बालपणी घसा सुजून मागाहून सांधे धरणारा जो ताप येतो, तो कित्येकदा या झडपांस जन्माच्या अधू करून जातो. झडप दुरुस्तीपलीकडे गेली, तर ती काढून कृत्रिम झडप बसवावी लागते.

१९६० साली अमेरिकेत डॉ. अल्बर्ट स्टार यांनी बसविलेली झडप म्हणजे पिंजऱ्यातील एक गोळी होती. पुढे कलणाऱ्या चकतीच्या झडपा आल्या. आपल्या देशात अशी झडप तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली. ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम रोग्यास बसविण्यात आली. तत्पूर्वीचे तीन नमुने कसोटीस उतरले नव्हते, हे परीक्षेस भिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस कळविण्यास आम्हांस आनंद वाटतो.

परंतु झडप उत्तम साधली, तरी ती बसविणारा हात तयार व्हावा लागतो. चकती कोणत्या दिशेस कलणार हे पाहूनच झडप शिवावी लागते. टाक्याचे टोक लांब राहिले, तर चकती त्यात अडकते. दुसरे उदाहरण याहून बोधक आहे. हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधील झडप काढताना, तिला आतील स्नायूंशी जोडणारे तंतूही पूर्वी कापून टाकीत. ते राखावेत, म्हणजे हृदयाचे बळ टिकते, असे डॉ. लिलेहाय यांनी १९६४ साली मांडले. तरी ही रीत सर्वत्र रुळावयास सुमारे दोन दशके लागली! ग्रंथ वाचून मत पालटते. बोटांची सवय तितक्या लवकर पालटत नाही.

मग शिकवावे कसे? परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६८ साली भारतातील पहिले हृदयरोपण करणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी आधी प्राण्यांवर दीर्घ अभ्यास केला होता. आजचा विद्यार्थी साडेपाच वर्षांचे वैद्यकशिक्षण, तीन वर्षे सामान्य शस्त्रक्रिया व पुढे तीन वर्षे हृदयाची शस्त्रक्रिया शिकतो. बोकडाच्या वा डुकराच्या काढलेल्या हृदयात झडप शिवून पाहणे, गुरूच्या हाताखाली साहाय्य करणे आणि मग गुरू समोर उभा असता स्वतः सुई धरणे, असा हा क्रम असतो. २००२ साली फ्रान्समध्ये डॉ. क्रिबिए यांनी छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून झडप बसविली. तेव्हापासून केस पिकलेल्या शस्त्रवैद्यांसही पुनः विद्यार्थी व्हावे लागले आहे; आरंभीच्या रोग्यांच्या वेळी या रीतीचा जाणता वैद्य त्यांच्या शेजारी उभा असतो.

कितीही सराव केला, तरी नव्या रीतीचा पहिला टाका अखेर कोणातरी जिवंत मनुष्याच्या हृदयात पडावयाचाच. तो मनुष्य एखाद्या गरीब घरचा मुलगाही असू शकेल. शिकणाऱ्याची फी त्याने आपल्या प्राणाने भरू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे. म्हणून ज्या पालकांवर असा प्रसंग येईल, त्यांनी वैद्यास नम्रपणे पण निःसंकोच विचारावे: "डॉक्टरसाहेब, ही शस्त्रक्रिया आपण पूर्वी किती वेळा केली आहे, आणि या वेळी आपल्या शेजारी कोण उभे राहणार आहे?"