लघवीत साखर दिसली तर?

दिवेआगरला आलेला पाहुणा सुवर्णगणेशाचं दर्शन घेतो आणि घरगुती खानावळीत उकडीचे मोदक आधीच सांगून ठेवतो. पारी तांदळाच्या पिठीची, सारण ओल्या खोबऱ्याचं नि गुळाचं. पिठीतल्या स्टार्चचं पोटात ग्लुकोज होतं, गुळातूनही ग्लुकोज मिळतं, आणि ते रक्तातून मूत्रपिंडापर्यंत पोचतं. तरीही निरोगी माणसाच्या लघवीत साखर जवळजवळ उतरत नाही. ती कुठे अडते हे समजून घ्यायला हवं, कारण लघवीचा रिपोर्ट पाहून उगाच घाबरणारे आणि तोच पाहून निर्धास्त होणारे, दोघेही आपल्या आसपास आहेत.

आधी सगळं गाळलं जातं

दोन्ही मूत्रपिंडांत मिळून साधारण २० लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केसासारख्या रक्तवाहिन्यांचा गुंता असतो आणि तिथे रक्त गाळलं जातं. रक्तपेशी आणि मोठी प्रथिनं वरच राहतात. पाणी, क्षार आणि ग्लुकोज खाली नळीत उतरतात. दिवसाला असा सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. रक्तातली साखर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम धरली, तर त्यात १८० ग्रॅम ग्लुकोज येतं. म्हणजे सातशेहून अधिक कॅलरी! लघवी मात्र दीड-दोन लिटरच होते. बाकीचं पाणी आणि जवळजवळ सगळं ग्लुकोज शरीर परत घेतं.

पेशी ग्लुकोज कशी उचलते

हे काम नेफ्रॉनच्या सुरुवातीच्या नागमोडी नळीत चालतं. तिथल्या पेशीची नळीकडची बाजू सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशसारखी केसाळ दिसते, त्यामुळे द्रवाला लागणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला सोडियमचा पंप असतो. एका फेरीत तो ३ सोडियम बाहेर टाकतो, २ पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपी ही ऊर्जा खर्च करतो. पेशीत सोडियम असं सतत कमी राहिलं की नळीतलं सोडियम आत शिरू पाहतं. केसाळ बाजूवर बसलेलं एसजीएलटी-२ हे वाहक प्रथिन त्याला आत सोडतं, पण सोबत ग्लुकोजचा एक रेणू घेऊनच. पेशीत साठलेलं ग्लुकोज मग ग्लुट-२ या दुसऱ्या वाहकातून, जादा ऊर्जा न लागता, रक्ताकडे निघून जातं.

सुमारे ९० टक्के ग्लुकोज इथेच परत मिळतं. उरलेलं पुढच्या सरळ भागात एसजीएलटी-१ टिपतं. एका ग्लुकोजमागे ते २ सोडियम वापरतं, म्हणून ग्लुकोज अगदी विरळ झालं तरी त्याच्या हातून सुटत नाही.

सोडियम आणि ग्लुकोजच्या या जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागच्या परिषदेत मांडली, ती आतड्याच्या संदर्भात. आतड्यातही एसजीएलटी-१ असतं. जुलाबात जलसंजीवनी देताना मीठ आणि साखर दोन्ही घालतात ते याचसाठी: साखरेसोबत मीठ आत जातं आणि त्यांच्यामागे पाणी.

वाहून नेण्याची मर्यादा

कोकणपट्टीतल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांना पूर्वी रहाटाने पाणी देत. विहिरीत पाणी कितीही असो, रहाटाला गाडगी बांधलेली तेवढीच. त्याहून जास्त पाणी वर येणार नाही. वाहक प्रथिनांचंही तसंच आहे. मोठ्या माणसात दोन्ही मूत्रपिंडं मिनिटाला साधारण ३७५ मिलिग्रॅम ग्लुकोज परत घेऊ शकतात. मिनिटाला १२५ मिलिलिटर द्रव गाळला जातो, म्हणजे हिशेबाने रक्तातली साखर ३०० पर्यंत चढेस्तोवर लघवीत काही दिसायला नको. प्रत्यक्षात ती १८० च्या आसपासच दिसू लागते, कारण सगळे नेफ्रॉन सारख्या ताकदीचे नसतात. काहींची क्षमता आधीच संपते.

पट्टी काय सांगते

आता लघवीत पट्टी बुडवून रंग पाहतात. जुन्या पिढीला बेनेडिक्टचं निळं द्रावण आठवत असेल. लघवीचे थेंब टाकून तापवलं की साखरेच्या प्रमाणात ते हिरवं, पिवळं आणि शेवटी विटकरी होई. पण रंग बदलला म्हणजे मधुमेहच, असं नाही. गरोदरपणात गाळण वाढते आणि साखर कमी पातळीवरही उतरू शकते. काहींच्या एसजीएलटी-२ च्या जनुकातच जन्मजात दोष असतो. त्यांची रक्तशर्करा ठीक असूनही लघवीत साखर येते आणि बहुतेकांना त्याचा त्रासही नसतो.

उलट चूक जास्त महागात पडते. वय झालेल्या आणि जुन्या मधुमेही माणसांत ही उंबरठ्याची पातळी अनेकदा वर सरकते. रक्तातली साखर २०० असूनही पट्टी स्वच्छ दिसते आणि घरचे म्हणतात, "आबांची साखर नॉर्मल आहे." मधुमेहाचं निदान रक्तावरूनच व्हायला हवं.

सफरचंदाच्या सालीपासून गोळीपर्यंत

सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन हा पदार्थ वेगळा काढला गेला. १८८६ मध्ये फॉन मेरिंग यांनी दाखवलं की तो दिल्यावर लघवीत साखर उतरते. तो या वाहकांनाच अडवतो. त्याच धाग्यावरून पुढे डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं घडली. ती एसजीएलटी-२ अडवतात आणि मधुमेही माणसाच्या लघवीतून दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम ग्लुकोज बाहेर जातं. हृदय कमकुवत झालेल्यांना आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही त्यांचा फायदा दिसला आहे. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये संपलं. तेव्हापासून स्वस्त पर्याय आले आणि या गोळ्या लहान गावांच्या आवाक्यात येऊ लागल्या. ही मला मोठी गोष्ट वाटते.

गोळी चालू असताना

या गोळ्यांवर लघवीची पट्टी साखर दाखवणारच. औषध काम करतंय, एवढाच त्याचा अर्थ. साखरेमुळे जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, तेव्हा लाज न धरता डॉक्टरांना सांगावं. लघवी वाढते, म्हणून वैशाखात वाडीत राबणाऱ्यांनी पाणी कमी पडू देऊ नये. उलट्या-जुलाब, ऑपरेशन किंवा निर्जळी संकष्टीसारखा कडक उपवास असेल, तर गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे आधी डॉक्टरांना विचारावं. अशा वेळी रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन साचून आम्लता वाढू शकते. मळमळ, पोटदुखी, धाप आणि कमालीचा थकवा ही त्याची लक्षणं. ती दिसली तर ग्लुकोमीटरच्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नये. दवाखान्यात गेल्यावर कोणती गोळी चालू आहे ते आधी सांगावं.