पेपरचा मालक कोण?

पेपरच्या किमतीत छपाईचा खर्च भागत नाही; तो जाहिरातींतून निघतो. म्हणून कोणती बातमी ठळक व कोणती कोपऱ्यात, यात मालक व जाहिरातदारांचे वजन पडते. आपल्याच जिल्ह्याचे उदाहरण घ्या. जवाहरलाल दर्डा यांनी १९५२ साली यवतमाळहून ‘लोकमत’ साप्ताहिक काढले; १९७१ साली नागपूरहून दैनिक सुरू झाले. दर्डा काँग्रेसचे मंत्री होते. पुढे पुत्र विजय राज्यसभेत, तर राजेंद्र राज्य मंत्रिमंडळात गेले. यात बेकायदेशीर काही नाही; मात्र वाचकाला ते ठाऊक हवे. १८६७ च्या कायद्याने अंकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव सक्तीचे केले. आर्णीच्या व्यापारी बांधवांनी कापसाच्या भावाची वा निवडणुकीची बातमी वाचताना ती बारीक ओळही वाचावी, आणि मगच मत बनवावे.